परक्या घरात गुंठा

मापाचे नाव एकदा जिभेवर बसले, की कायद्यालाही ते पुसता येत नाही. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. पण आमच्या करवीर तालुक्यात बांधावर उभा राहिलेला माणूस अजून गुंठ्यातच बोलतो.

माझी भाची मोबाईलची ॲप्स लिहिते. आमच्या शेतीच्या वाटणीचा हिशेब तिने असाच एका ॲपमध्ये मांडायला घेतला. वाटेकरी तिघे, आम्ही दोघे भाऊ आणि आमची थोरली ताई, म्हणजे तिचीच आई. आयफोनसाठी मापांचा एक तयार वर्ग २०१६ पासून मिळतो. त्याला एकर ठाऊक, हेक्टर ठाऊक, आरही ठाऊक. गुंठा तेवढा नाही!

"मग कंपनीला पत्र लिहायचे काय?" मी विचारले.

"पत्र कशाला, मामा? मूळ वर्गाला हात न लावता जोड देता येते की!"

स्विफ्ट या २०१४ साली आलेल्या भाषेत या जोडीला ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. तिने दोन ओळी लिहिल्या : गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. झाले! तो परका वर्ग एक एकराचे चाळीस गुंठे बिनचूक सांगू लागला.

"गुंठा काय नि आर काय, सारखेच," असे लोक खुशाल म्हणतात. पण चाळीस गुंठ्यांचे चाळीस आर धरले, तर सुमारे ५०४ चौरस फूट जागा नाहीशी होते. दोन खोल्यांचे घर! आणि ते बहुधा बांधावर न आलेल्या बहिणीच्या वाट्यातून जाते.

जोडीला एक मर्यादा आहे. तिने नवे द्यावे. वर्गात मुळात असलेले बदलण्याची मुभा तिला नाही. हे ऐकून मला १९५६ चाच हिंदू वारसा कायदा आठवला. महाराष्ट्राने १९९४ साली त्याला नवे प्रकरण जोडले, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. आमची ताई त्यांतलीच. शेवटी २००५ साली मूळ सहावे कलमच बदलले, तेव्हा ती आत आली.

गुंठ्याला जोड पुरली. ताईला मात्र मूळच बदलावे लागले.