कातळावरची शीळ, बर्फाखालचं शेवाळ

आषाढात आंबोलीच्या घाटात उजाडण्याआधीच शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. कुणी रिकामा पोरगा स्वतःच्याच नादात शीळ घालत वळणावरून उतरतोय, असं वाटावं. मग तो दिसतो. अंग काळंभोर, कपाळावर आणि खांद्यावर निळी झळाळी, चोचीत खेकडा. खेकडा कातळावर आपटून आपटून मऊ करतो आणि गिळतो. ओढ्याकाठच्या कपारीत मुळं आणि ओलं शेवाळ रचून तो घरटं बांधतो.

त्याला ऐकायला आपण पहाटे उठतो. शेवाळासाठी कोण उठतं?

या शेवाळाचं एक फार जुनं भाऊबंद तिबेटच्या कड्यांवर, चार हजार मीटरच्याही वर आहे. नाव टाकाकिया, जपानी अभ्यासक नोरिओ टाकाकी यांच्यावरून १९५८ मध्ये पडलेलं. उंचीला बोटभरही नाही. पानं बुडापासून दोन-तीन जाड तंतूंत दुभंगलेली. वर्षातले आठ महिने ते बर्फाखाली असतं. त्याचा वंश ३९ कोटी वर्षांचा! तेव्हा पृथ्वीवर ना फूल होतं, ना पाखरू.

कस्तूर ज्या काळ्या कातळावर बसून गातो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो पाठीवर घेऊन आपला भूखंड उत्तरेला सरकला, आशियाला भिडला, आणि त्या रेट्याने टाकाकियाच्या पायाखालची जमीन आभाळाकडे चढत गेली. ऊन प्रखर झालं, बर्फ आलं. हे एवढंसं शेवाळ जागचं हललं नाही. आतल्या आत त्याची जनुकं विलक्षण वेगाने बदलत राहिली, रूप मात्र तेच राहिलं. साडेसोळा कोटी वर्षांच्या जीवाश्मातही ते ओळखू येतं. कस्तुराच्या गाण्यापुढे मी जसा हात जोडतो, तसाच या चिकाटीपुढेही.

कस्तुराच्या जातीला आज तसा धोका नाही. टाकाकिया मात्र विरतंय. तिबेटातल्या दहा वर्षांहून अधिक काळच्या पाहणीत त्याचा विस्तार दरसाल सुमारे १.६ टक्क्यांनी आटताना दिसला. तिथली हवा तापतेय, आणि इतक्या घाईने बदलणं त्यालाही जमेनासं झालंय. अभ्यासकांनी प्रयोगशाळेत त्याची रोपं वाढवून पुन्हा तिबेटात लावली. पाच वर्षांनी पाहिलं, तेव्हा त्यांतली काही तगली होती.