आधी पडलेल्याकडे पाहा

भातकापणी आटोपली, हवेत गारवा आला, की वसईच्या गावोगावची पटांगणे पुन्हा कबड्डीची होतात. विजेच्या झोतात रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. डिसेंबरच्या अखेरीस चिमाजी अप्पा मैदानावर वसई तालुका कला क्रीडा महोत्सव भरला, की घराघरांतून खेळाखेरीज दुसरा विषय उरत नाही. होळी येथील बाजारपेठेजवळ माझा दवाखाना आहे आणि गेली सव्वीस वर्षे मी सामन्यांची दुसरी सकाळ जवळून पाहत आले आहे. रात्री सुजलेला घोटा घेऊन कोणी येतो, कोणाचा खांदा वर उचलत नाही. ज्यांना केवळ रक्तदाब मोजून घ्यायचा असतो तेही बाकावर बसून कालच्या शेवटच्या चढाईवर तावातावाने बोलत असतात.

या बाकावरचा एक वाद कायमचा आहे. सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा चमकला, की एक पक्ष म्हणतो, “आता मोठ्यांत उतरवा त्याला. मार खाल्ल्याशिवाय खेळ कळत नाही.” दुसरा पक्ष म्हणतो, “अजून हाडं कोवळी आहेत, दोन मोसम थांबा.” २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून या वादाला नवी धार चढली. गावच्या पोराचे नाव दूरचित्रवाणीवर झळकू शकते, त्याला खेळातून पैसा मिळू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. घाई वाढली ती तेव्हापासून. मात्र, एका बाबतीत हे दोन्ही पक्ष अनेकदा एक होतात, “आपल्या पोराला आपटलं, तर सोडायचं नाही!”

या तिसऱ्या वाक्याची मला खरी काळजी वाटते.

कबड्डी हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ आहे. चढाईपटूचे हातपाय किंवा धड पकडून त्याला मध्यरेषेपलीकडे परतू न देणे, ही बचाव करणाऱ्याची चूक नसून त्याचे कर्तव्य आहे. नियमांनी हद्दही आखून दिली आहे. तोंड वा गळा दाबून दम तोडायचा नाही, केस धरायचे नाहीत, पायांची कैची घालायची नाही, इजा व्हावी अशा हिंसक रीतीने पकडायचे नाही. ही हद्द ओलांडणाऱ्याला आवरण्यासाठी पंचांकडे हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड असते. परंतु हद्दीच्या आत राहून केलेली निर्दोष पकडसुद्धा दुखते. सत्तर किलोंचे शरीर वेगात असताना घोट्यापाशी अडले, की ते जमिनीवर आदळणारच. वेदना झाली म्हणजे अपराध झाला, असे नव्हे. प्रेक्षकाला नेमका हाच भेद त्या क्षणी दिसेनासा होतो.

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावातील स्पर्धेत प्रथमोपचारासाठी मी मैदानालगत बसले होते. सामना कुमार गटाचा होता. सतरा वर्षांचा एक चपळ चढाईपटू बोनस घेऊन परतत असताना उजव्या कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला. दोन साथीदार मदतीला आले आणि चौघेही एकत्र कोसळले. पकड स्वच्छ होती. पंचांनी शिट्टी वाजवली, गुण दिला. मुलगा मात्र उठायला क्षणभर अधिक वेळ घेत होता. तेवढ्यात त्याच्या गावची दहा-बारा माणसे मैदानात शिरली, समोरूनही तितकीच आली. कोपरारक्षकाची बनियन फाटली, खुर्च्या उलटल्या. त्या गर्दीतून आत जायला मला वाट मिळेना. कार्यकर्त्यांनी माणसे वेगळी केली तोवर पाच-सात मिनिटे सहज गेली असतील.

दरम्यान तो मुलगा स्वतःच उठून उभा राहिला होता. तो उठला, म्हणजे ठीक आहे, असे सर्वांनी गृहीत धरले. तो ठीक नाही, हे एकाच व्यक्तीच्या ध्यानात आले, आणि ती व्यक्ती म्हणजे फाटक्या बनियनमधला तोच कोपरारक्षक. त्याने लांबूनच मला हाक मारली, “डॉक्टरबाई, याच्याकडे बघा. हा आमच्या बाकाकडे येतोय.” मी मुलाला खाली बसवले. त्याने मला विचारले, “मॅडम, कोण जिंकलं?” सामना अजून संपलेलाच नव्हता. मी तसे सांगितले. मिनिटभराने त्याने पुन्हा तेच विचारले, आणि त्यानंतर आणखी एकदा.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, हे मेंदूला हादरा बसल्याचे ठळक लक्षण आहे. त्याला रुग्णालयात पाठवले. सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, रात्रभर देखरेख ठेवून घरी सोडले. तरीही पुढचे जवळजवळ तीन आठवडे त्याचे डोके दुखत होते, पुस्तक उघडले की अक्षरे नकोशी होत होती, आणि वर्ष बारावीचे होते. तो बरा झाला, परीक्षाही दिली. त्या रात्री त्याच्या नावाने भांडलेल्यांपैकी एक जण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला, तो स्वतःची मूठ दाखवायला. कोणाच्या तरी दातावर आपटून बोटाच्या सांध्यावर जखम झाली होती. अशी जखम दिसायला लहान असते, पण तोंडातील जंतू थेट सांध्यात शिरतात, म्हणून ती कधीही अंगावर काढू नये. मी त्याला विचारले, “मुलगा कसा आहे?” तो म्हणाला, “त्याला काय झालं?”

भांडण जखमी मुलाच्या नावाने पेटते आणि त्याच मुलाची पहिली दहा मिनिटे हिरावून घेते. पडलेल्याची शुद्ध कशी आहे, मान दुखते का, हातापायांत जोर आहे का, हे पाहण्याची ती वेळ असते. म्हणून पालकांनी काही गोष्टी मैदानावर जाण्यापूर्वीच मनाशी पक्क्या कराव्यात. मेंदूला हादरा बसण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते, असे नाही. गोंधळलेपण, डोकेदुखी, मळमळ, अंधारी येणे, तोल जाणे, विसरणे यांपैकी काहीही दिसले, तरी त्या दिवशी मुलाने पुन्हा खेळायचे नाही, मग सामना अंतिम फेरीचा का असेना. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, न सावरणारी गुंगी, हातापायांतील अशक्तपणा, मानेतील तीव्र वेदना किंवा दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणे, यांपैकी काही आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल तर मुलाला ओढून उठवू नये. धोक्याचे काहीच नसेल, तर पहिले एक-दोन दिवस साधी विश्रांती आणि मोबाइलपासून सुटका, मग चालणे, मग शाळा आणि सर्वांत शेवटी, डॉक्टरांच्या संमतीने, पकडीचा सराव, असा क्रम ठेवावा. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात क्वचित प्रसंगी मेंदूला जीवघेणी सूज येते.

बाकावरच्या वादाकडे आता डॉक्टरच्या नजरेने पाहू. “हाडं कोवळी आहेत” हे म्हणणे शब्दशः खरे आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ वाढीची कूर्चा असते, आणि ती भोवतालच्या स्नायुबंधांपेक्षा कमकुवत असते. मोठ्या माणसाचा पाय मुरगळतो तेथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या वाढीच्या कूर्चेला तडा जाऊ शकतो. असा घोटा किंवा मनगट चोळून घेण्यापूर्वी एक्स-रे काढावा. नाहीतर हाड आखूड वा वाकडे वाढण्याचा धोका राहतो.

वयोगटाबरोबर वजनाची अट ठेवण्याचा हेतू चांगला आहे. किशोर गटात सोळा वर्षांपर्यंतची, पंचावन्न किलोंच्या आतली मुले, तर कुमार गटात वीस वर्षांपर्यंतची, सत्तर किलोंच्या आतली. पण या अटीत बसण्यासाठी मुले दोन दिवस उपाशी राहतात, पाणी तोडतात, भर उन्हात जाड कपडे घालून धावतात. वजनकाटा फसतो, शरीर मात्र फसत नाही. पाणी कमी पडलेला मुलगा उशिरा सावरतो, चुकीच्या अंगावर पडतो आणि मग दोष पकडीला लागतो. शिवाय पंचावन्न किलोंच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. मुलाला वरच्या गटात कधी उतरवावे, याचे उत्तर गुणफलकावर मिळणार नाही. त्याची वाढ कुठवर आली आहे, पडायला तो शिकला आहे का, मान आणि कंबर बळकट आहे का, हे पाहिल्यावरच ते मिळेल.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. माझी मावसबहीण कॅनडात असते. तिचा मुलगा बर्फावरची हॉकी खेळतो. त्या खेळात चेंडूऐवजी चकती असते आणि चकती ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देणे नियमात बसते. तेथेही निर्दोष धडकेनंतर साथीदार हातमोजे टाकून धडक देणाऱ्याच्या अंगावर धावतात आणि प्रेक्षक त्याला निष्ठा म्हणतात. मात्र मुलांच्या बाबतीत त्या देशाने विचार केला. अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना धडकेची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन प्रांतांची तुलना केली, तेव्हा मुभा असलेल्या मुलांत मेंदूच्या हादऱ्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये त्या वयोगटातून धडक काढून टाकली. कबड्डीतून पकड काढता येणार नाही. ती काढली तर कबड्डीच उरत नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला आधी पडणे, लोळणे, हनुवटी छातीशी घेणे शिकवावे आणि मगच पूर्ण जोराची पकड करू द्यावी, हे आपल्या हाती आहे.

आणि वाद? तो जरूर घालावा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातील अंतिम सामना गुणांच्या वादावरून सुमारे तासभर थांबला होता. सुवर्णपदक पणाला लागले होते. वाद नियमाचा होता, तो पंचांपुढेच मांडला गेला, आणि भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. आंतरराष्ट्रीय मंचावर जे जमते ते गावच्या पटांगणावर जमू नये, याला कारण नाही.

घरच्या मंडळींना माझी विनंती साधी आहे. मुलगा किंवा मुलगी कबड्डी खेळू लागली, की प्रशिक्षकांना दोन प्रश्न विचारा. पडायला शिकवता का? आणि मैदानावर कोणी पडला, तर त्याच्याजवळ जाण्याची जबाबदारी कोणाची? स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी एक प्रथमोपचारक नेमावा, आणि तो खेळाडूपाशी पोहोचेपर्यंत कोणीही दोरी ओलांडणार नाही, हे ध्वनिक्षेपकावरून आधीच जाहीर करावे. आपले मूल जमिनीवर आपटलेले पाहून कोणत्याही आईबापाचे रक्त उसळते, ते स्वाभाविक आहे. त्या क्षणी पाय मैदानात टाकायचाच असेल, तर तो पकडणाऱ्याच्या दिशेने नको, पडलेल्याच्या दिशेने पडू दे. त्याच्याजवळ बसा, त्याचे नाव विचारा, सामना कोणाशी चालला आहे ते विचारा आणि उत्तर नीट ऐका.