खतावणीबाहेरचा समुद्र

निवृत्त माणसाला भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो वेळेविषयीचा. "आता वेळ कसा जातो?" गेली दोन वर्षे या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे : "मासे काढते." आपल्या समाजात हे उत्तर ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते पाहण्याचा आनंद मी क्षणभर घेते आणि मग सांगते, "कागदावर. तिथून ते कापडावर जातात." खरा प्रश्न त्यानंतर येतो. सदतीस वर्षे बँकेत कर्जखाती तपासणाऱ्या, एम.कॉम. झालेल्या बाईला कापडावरची नक्षी सुचते तरी कोठून? मलाही हे कोडेच होते. त्याची उकल जेवढी झाली, तेवढी वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझी भाची वस्त्रकलेची पदवीधर आहे. सुती कापडावर हाताने ठसे उठवून ती लहान मुलांसाठी पडदे, चादरी आणि दुलया करून घेते. व्यवसाय छोटा, पण सचोटीचा. रेशीम ती वापरीत नाही आणि लाखेच्या किड्यापासून निघणारा रंगही नाही. समुद्रावर आधारित सहा नक्षींचा एक संच काढावा, असे तिच्या मनात होते. तिचे सारे बालपण पुण्यात गेले. समुद्र तिने सहलीत पाहिलेला. एके दिवशी ती म्हणाली, "मासी, तू समुद्राकाठी वाढलीस. मासे मासीनेच काढायचे." शब्दांचा खेळ तिला आवडला आणि नकार देणे मला अवघड झाले. माझे चित्रकलेचे भांडवल म्हणजे शाळेत असताना उत्तीर्ण केलेली एलिमेंटरी ग्रेड परीक्षा, एवढेच.

आमचे घर वेंगुर्ल्याला होते. पुढे बाजाराच्या अंगाला वडिलांचे कापडाचे दुकान, मागे घर आणि वर माडी. माडीच्या खिडकीतून माडांच्या शेंड्यांमधून समुद्राची एक पट्टी दिसे. आई, म्हणजे आमची बा, राधनपूरकडची. तिच्या माहेराच्या पलीकडे कच्छचे रण पसरलेले. लग्न होऊन कोकणात येईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता आणि आल्यानंतरही ती त्याच्या फार जवळ कधी गेली नाही. आम्ही भावंडे पाण्यात पाय बुडवीत असू तेव्हा ती सुरूच्या झाडांखाली उभी राहून पाहत असे. घरात पाणी गाळताना गरण्यावर राहिलेला जीवही जयणेने विहिरीत परत सोडणारी ती बाई. समुद्राकडे पाहून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोले : "केवढे जीव असतील गं यात!" इतरांना जिथे लाटा दिसत, तिथे तिला वस्ती दिसे.

त्या वस्तीच्या गोष्टी ती आम्हाला रात्री सांगत असे. एका गोष्टीत देवमाशीण आपल्या बाळासाठी झबले शिवायला कापड घ्यायला आमच्या दुकानात येते. वडील गज घेऊन मोजू लागतात. एक तागा संपतो, दुसरा संपतो, सारी फडताळे रिकामी होतात, तरी बाळाचा एक कल्लाही झाकला जात नाही. दुसऱ्या गोष्टीत कुर्ली दुकानाचे हिशेब लिहिते. ती आडवी चालते, म्हणून जमेकडून नावेकडे तिला पटकन जाता येते. १९७१ साली बा गेली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. तिचा एकच फोटो घरात आहे, तोही काळापांढरा.

भाचीने संदर्भासाठी समुद्री जीवांची पुष्कळ छायाचित्रे पाठविली होती. ती मी कपाटात ठेवली. पहाटेचे सामायिक झाले की त्याच आसनाजवळ कागद पसरून बसायचे आणि हाताला जे आठवेल ते काढू द्यायचे, असा नेम केला. "आतून सुचणे" या शब्दांविषयी बँकेच्या माणसाला साहजिकच संशय असतो. पावतीशिवाय नोंद नाही, हे आमचे पहिले सूत्र. परंतु कर्जप्रस्ताव हाताळणारा कोणताही अनुभवी अधिकारी खासगीत कबूल करील की ताळेबंद उघडण्यापूर्वीच पुष्कळदा मनात काहीतरी हलते. अर्जदार खुर्चीत कसा बसतो, प्रश्न टाळतो की थांबून उत्तर देतो, गोदामातल्या मालावर धूळ किती आहे, अशा शेकडो नोंदी मन आपल्या नकळत करीत असते. अंतःप्रेरणा म्हणजे या नोंदींची बेरीज, असे माझे मत आहे. पुढे आकडे तपासावेच लागतात. पण कोणते आकडे तपासायचे, हे ती बेरीज सुचविते. नक्षीचेही तसेच झाले. आधी हात आठवे आणि नंतर मी तपासत असे.

हाताला पहिल्यांदा आठवली ती ओहोटीची वाळू. लहान कुर्ल्या वाळूतले खाद्य शोषून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती टाकीत जातात. भरती येईपर्यंत किनाऱ्यावर गोळ्यांच्या किरणाकार रांगा उमटलेल्या असतात. "कुर्लीची वही" ही पहिली नक्षी यातून झाली. दुसरीत पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून, माडाच्या झापांनी शाकारलेल्या होड्या आहेत. प्रत्येक झापाखाली एक जीव पावसापासून लपलेला आहे. तिसरी काळोख्या रात्रीची. हिवाळ्याच्या दिवसांत कधी कधी लाट फुटताना निळसर उजेड दिसतो. तो नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांचा असतो, हे मी पुष्कळ पुढे वाचले. तेव्हा बा म्हणाली होती की आज त्यांच्याकडे दिवाळी आहे. चौथीत देवमाशिणीचे झबले आले. पाचवीत वाळूतून निघून पाण्याकडे धावणारी कासवाची पिले आली.

सहावीसाठी मला बाचाच आधार घ्यावा लागला. आपल्याकडील अढाई द्वीपाचे पट वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील. पंधराव्या शतकापासून गुजरात-राजस्थानात ते सुती कापडावर रंगविले जात आले आहेत. मध्यभागी जंबूद्वीप, त्याभोवती वलयाकार लवणसमुद्र, पुढे धातकीखंड, मग कालोदधी आणि त्यापलीकडे पुष्करवरद्वीपाचा अर्धा भाग. जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजने आणि पुढचे प्रत्येक वलय आधीच्याच्या दुप्पट रुंद. बा हे सारे पाटीवर काढून दाखवी आणि बेरीज मला करायला लावी : दोन, चार, आठ आणि अर्ध्या पुष्कराचे आठ, मिळून बावीस, दोन्ही बाजू धरून चव्वेचाळीस, मधले एक मिळवून पंचेचाळीस लाख योजने. दामदुपटीशी माझी ओळख बँकेत नव्हे, त्या पाटीवर झाली. या पटांतील निळ्या वलयांमध्ये चित्रकारांनी मासे मोकळे सोडलेले असतात. भूगोलाच्या एवढ्या कडक आखणीत ते मनासारखे पोहतात, हे मला फार आवडते. कापडावर समुद्र काढण्याची आपली परंपरा अशी पाचशे वर्षांहून जुनी आहे. माझ्या सहाव्या नक्षीत तीच वलये आहेत. फक्त माणसांच्या जागी सगळीकडे मासे राहतात.

एका मुद्द्यावर भाचीचा आणि माझा मतभेद झाला. जाळ्याची वीण तिला काठासाठी हवी होती. समुद्राच्या नक्षीत ती शोभते आणि विकलीही जाते. माझ्या वर्गात गाबितांच्या मुली होत्या. त्यांच्या अंगणात जाळी विणणारे हात मी जवळून पाहिले आहेत आणि त्या कष्टांविषयी मला आदर आहे. तरीही बाच्या समुद्रात जाळे नव्हते, गळ नव्हता, एका माशाच्या तोंडात दुसरा मासा नव्हता. काठ मी वेगळा दिला : बोटभर रुंदीची वीटकरी पट्टी, तिच्यावर थोडे वाकडे धावते टाके. भाची म्हणाली, "समुद्रात वीटकरी कुठून आली?" मला कारण देता येईना. "हवीच," एवढेच मी म्हणाले आणि ती समंजसपणे गप्प राहिली.

यानंतर हिशेबाचा भाग आला आणि तिथे मी पुन्हा माझ्या मुलखात होते. कापडाचा पन्हा ४४ इंच. दोन्ही काठांना एक-एक इंच सोडला तर ४२ उरतात आणि सहा इंची ठसा आडवा बरोबर सात वेळा बसतो. मीटरभर लांबीत एका रंगाचे सुमारे ४६ ठसे. तीन रंगांचे १३८. रेषेचा ठसा, पार्श्वभूमीचा ठसा आणि भरणीचा ठसा वेगवेगळा. कारागीर त्यांना रेख, गद आणि दत्ता म्हणतात. एकच चित्र ४६ वेळा आले की डोळा कंटाळतो. त्यासाठी प्रत्येक दुसरी ओळ अर्ध्या ठशाने सरकवायची. मग सांधे दिसत नाहीत आणि चित्र वाहू लागते. कुर्लीच्या ठशात मी चार कुर्ल्या बसविल्या आणि त्यांतली एक उलट्या दिशेला चालविली. तापाने अंथरुणात पडलेल्या मुलाला चादरीवर शोधायला काहीतरी हवे.

ठसे गांधीनगरजवळच्या पेथापूरला सागवानात कोरून घेतले आणि छपाईसाठी आम्ही दोघी कच्छमधील अजरखपूरला गेलो. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याचे पाणी रंगाईला योग्य राहिले नाही, तेव्हा तिथल्या खत्री कारागिरांनी वसविलेले हे गाव. कापड धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवितात. पांढऱ्या राहायच्या रेषा चुना आणि डिंकाच्या लेपाने झाकतात. लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून काळा रंग करतात. जिथे तांबडे हवे तिथे तुरटी छापतात. ती त्या वेळी जवळजवळ दिसतच नाही. मग कापड निळीच्या कुंडात जाते. बाहेर येते तेव्हा ते पिवळसर हिरवे असते. हवा लागली की पाहता पाहता निळे होते.

हे पाहताना मला आम्हा भावंडांचा एक वाद आठवला. समुद्राचा रंग कोणता? मोटाभाई म्हणत मातकट, मोटीबेन म्हणे हिरवा, मी म्हणे निळा. भाचीने कुंडातून वर येणाऱ्या कापडाची चित्रफीत काढून आपल्या आईला, म्हणजे मोटीबेनला, तिथूनच पाठविली. तिचा फोन पाच मिनिटांत आला. "बघ, आधी हिरवाच आहे!"

हा फोन माझ्यासाठी साधा नव्हता. वेंगुर्ल्याचे घर आणि दुकान २०१४ मध्ये विकले गेले. व्यवहार तिघांच्या संमतीने झाला, कागदपत्रे मीच तपासली, कोणाचे एका पैचेही येणे राहिले नाही. तरीही घर गेल्यावर आमच्या बोलण्याला जागा उरली नव्हती. दिवाळीच्या शुभेच्छा आणि संवत्सरीचे मिच्छामि दुक्कडम्, एवढाच आमचा पत्रव्यवहार झाला होता. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो.

निळीनंतर कापड मंजिष्ठेच्या रंगात उकळतात आणि तेव्हा तुरटीची जागा तांबडी होऊन वर येते. माझा वीटकरी काठ असा सर्वांत शेवटी प्रकट झाला. धुऊन वाळविलेला पहिला तुकडा आम्ही परतताना मोटीबेनकडे नेला. तिने मासे पाहिले नाहीत, कुर्ली पाहिली नाही, काठावरून बोट फिरवीत ती म्हणाली, "ही तर बाच्या गोधडीची किनार." दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांची ती गोधडी बाने मला घेऊन झोपायला शिवली होती. बा गेल्यानंतर ती कोठे गेली, कोणाला माहीत नाही आणि मला ती आठवतही नव्हती. मोटीबेन माझ्याहून सहा वर्षांनी मोठी; तिला टाक्यांचा वाकडेपणासुद्धा आठवत होता, कारण त्यांतले काही टाके तिनेच घातले होते. पावती नसलेल्या नोंदीला एवढा भक्कम साक्षीदार मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

संच आता विक्रीला आहे. देवमाशिणीचे झबले सर्वांत जास्त खपते, कुर्लीची वही त्याखालोखाल. झापांखालच्या होड्या मोठ्या माणसांना आवडतात, मुलांना नाही. भाचीचा खर्च निघाला आहे. अधिक सांगणे तिच्या धंद्याच्या दृष्टीने योग्य होणार नाही.

मागच्या महिन्यात मोटीबेनचे पाकीट आले. आत वहीचा एक कागद होता. तिच्या मते संचात बाचा पहिला समुद्र राहून गेला आहे : पावसाळ्यात पाण्याने भरणारे आणि पुढे मिठाने पांढरे होणारे रण. बाने ते वर्णन फक्त तिला सांगितले होते. मी तेव्हा फार लहान होते. कागदावर लांबच लांब आडव्या रेषा आहेत आणि एका कोपऱ्यात पदर सावरून पाण्याकडे पाहणारी एक मुलगी. रेषा थरथरत्या आहेत. तशाच कोराव्यात, असे मी पेथापूरला कळविले आहे. सातवा ठसा दिवाळीपर्यंत तयार होईल. काठ त्यालाही वीटकरीच असेल आणि या वेळी धावते टाके मोटीबेन काढणार आहे.