हयातीचें प्रमाण

गेल्या नोव्हेंबरांत निवृत्तिवेतनासाठीं हयातीचा दाखला देण्यास आम्ही गेलों होतों. पूर्वीं वहींत सही केली, कारकुनानें "काय गुरुजी, प्रकृति बरी ना?" असें विचारलें, कीं काम संपे. आतां यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. सरकारनें २०१४ सालीं सुरू केलेल्या या व्यवस्थेचें नांव 'जीवन प्रमाण'. आम्ही चार वेळां अंगठा टेकला. चारही वेळां यंत्रानें नकार दिला. खिडकीपलीकडील तरुण आमचाच जुना विद्यार्थी. तो ओशाळून म्हणाला, "गुरुजी, मी आपणांस ओळखतों, पण यंत्र ओळखत नाहीं!"

नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं. त्यांत प्रत्यक्ष पहिलें. येथें प्रत्यक्ष उभा असलेला मनुष्य असिद्ध, आणि यंत्राचा शब्द सिद्ध!

वाचकांनीं आम्हांस नव्याचे द्वेष्टे समजूं नये. आधारचा पहिला क्रमांक २०१० सालीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिला गेला. २०१४ सालीं जनधन खातीं निघालीं, २०१६ सालीं यूपीआय आलें. आज भाजीवालीच्या टोपलीपाशींही मोबाईलवरून पैसे चुकते होतात, आणि सरकारी मदत मध्यस्थाच्या हातीं न पडतां थेट खात्यांत येते. ही सोय लहान नव्हे.

आमचें कामही अखेर घरीं झालें. चिरंजीवांच्या मोबाईलवर चेहरा दाखवून. परंतु आमच्याकडे वीस वर्षें धुणींभांडीं केलेल्या मावशींचें काय? त्यांचीं बोटें राखेनें व साबणानें गुळगुळीत झालेलीं. निराधार योजनेची रक्कम खात्यांत जमा आहे, पण अंगठा जुळेना, म्हणून त्या दोनदां रिकाम्या हातीं परतल्या. ज्या कष्टांनीं बोटांच्या रेषा झिजल्या, तेच कष्ट त्यांच्या हक्काच्या पैशाआड आले.

द्रव्य देण्याची सत्ता राजाकडे पूर्वींही होती. पण समोरचा मनुष्य तोच कीं नव्हे, हें ठरविण्याची सत्ता शेजारपाजारच्या साक्षीवांचून एका यंत्राकडे जाणें, ही गोष्ट नवी आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं आधारचा कायदा बहुमतानें ग्राह्य धरिला. तथापि अंगठा जुळला नाहीं एवढ्यावरून पात्र मनुष्य वंचित राहूं नये, हीच अपेक्षा त्या निकालांतही आहे. ती खिडकीपर्यंत पोंचली पाहिजे.

येत्या सोमवारीं लेखी अर्ज घेऊन आम्ही मावशींबरोबर जाणार आहोंत. आपल्याही घरीं कोणी अशी राबून थकलेली असेल, तर तिच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत एकदां अवश्य जावें, एवढीच विनंति.