पथ्याचे पान

गोव्यास जाणारा प्रवासी बहुधा समुद्राच्या ओढीने जातो. आम्ही २०२४ च्या वैशाखात कोकण रेल्वेने थिवी स्थानकावर उतरलो, ते समुद्राकडे पाठ करून डिचोली तालुक्यातील शिरगावी जाण्यासाठी. सूनबाईंचे आजोळ त्या गावी. वैशाख शुद्ध पंचमीस तेथे श्री लईराई देवीची जत्रा भरते. मामा-मामींचे बोलावणे दरवर्षी येई, पण इंदूरहून निघणे काही ना काही कारणाने राहून जाई. या वेळी निघालो ते आमच्या अकरा वर्षांच्या नातीसाठी.

तिची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. दोन-तीन वर्षे तिची उंची खुंटल्यासारखी झाली होती. चेहरा पांढुरका, पोट फुगलेले, शाळेतून आली की अंथरुणावर पडून राहायची. जंतांची औषधे झाली, लोहाची झाली, दृष्टही काढून झाली. अखेर रक्ताची विशिष्ट तपासणी आणि लहान आतड्याच्या अस्तराचा सूक्ष्म तुकडा काढून केलेली परीक्षा यांवरून निदान झाले. सिलिअ‍ॅक असे त्या विकाराचे नाव. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांस हा विकार असतो त्यांच्या आतड्याच्या अस्तरावरील बारीक अंकुर त्या प्रथिनामुळे झिजून सपाट होतात. मग अन्न पोटात जाते, परंतु अंगी लागत नाही. यावर आज तरी पथ्य हाच उपाय आहे, आणि ते जन्मभराचे आहे.

गव्हाशी या दुखण्याचा संबंध आहे हे फार पूर्वीपासून ठाऊक नव्हते. विलेम डिके नावाच्या डच बालवैद्याने तो दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली आणि पाव दुर्मिळ झाला. त्या दिवसांत हा विकार असलेली मुले सुधारू लागली आणि पाव पुन्हा मिळू लागताच पूर्ववत आजारी पडली. डिके यांस गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आपल्याकडे उत्तर भारतात साधारणपणे शंभरात एकास हा विकार आढळतो. तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेत त्याचे प्रमाण पुष्कळ कमी आहे.

आम्ही पडलो माळव्यातले. पाच-सहा पिढ्यांपूर्वी होळकरशाहीत आलेले घर. मराठी भाषा आम्ही जपली, पण जेवणात माळव्याचा गहू पुरता मुरला. सकाळी पोळी, रात्री पोळी, रविवारी दाल-बाफले, सणाला पुरणपोळी. अशा घरात गहू वर्ज्य झाला तेव्हा ताटातून जणू ताटच उचलले गेले. आम्ही त्या मुलीस पांढरा भात, बटाटा आणि बाजारातली महागडी बिस्किटे यांवर ठेवले. गव्हाचा त्रास थांबला, परंतु बद्धकोष्ठ जडले, आणि खाण्यावरची तिची वासना उडाली. त्याहून मोठे दुःख निराळेच होते. लग्नकार्यात ती पानावर बसून राही आणि कोणी ना कोणी वडीलधारी बाई म्हणे, “अगं, एका घासाने काय होतंय?” पुढे पुढे ती पंगतीला येईनाशी झाली.

मामींनी हे सूनबाईंकडून ऐकले आणि निरोप धाडला, “महिनाभर इकडे पाठवा. आमच्या स्वयंपाकघरात गव्हाचं काम काय?”

थिवीहून अस्नोड्यावरून शिरगाव जवळच आहे. तांबडी माती, फणसाआंब्यांची गर्द सावली, मध्ये देवीचे मंदिर, आणि भोवती डोंगर. त्या डोंगरांविषयी पुढे सांगेन. पहिल्या दिवशी दहाच्या सुमारास मामींनी आम्हां सर्वांपुढे पेजेच्या वाट्या ठेवल्या. उकड्या तांदळाची दाट पेज, वर चिमूटभर मीठ आणि शेजारी मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैरीची फोड. या कैरीस तिकडे तोर म्हणतात. माझ्या मनात आले, आजाऱ्याचे अन्न पाहुण्यांना कसे वाढले? मग पाहिले तर मामा, गडीमाणसे, शेजारची मुले, सर्वांपुढे तेच होते. नातीने भोवती पाहिले आणि निमूटपणे वाटी उचलली. वर्षभरात प्रथमच तिच्या पानातले आणि सर्वांच्या पानातले अन्न एक होते.

उकडा तांदूळ कसा करतात ते मामींनी मागील दारी दाखविले. साळ भिजवायची, मग मोठ्या भांड्यात टरफल उकलेपर्यंत उकडायची, चटयांवर उन्हात वाळवायची आणि मग गिरणीत कांडून आणायची. वरकरणी ही नसती खटपट वाटते. परंतु उकडताना कोंड्यातील ब जीवनसत्त्वे दाण्याच्या गाभ्यात उतरतात आणि कांडल्यावरही बरीचशी तेथेच राहतात. आम्ही मुलीस जो पांढराशुभ्र सडलेला तांदूळ देत होतो, त्यात ती उरलेली नसतात.

पेजेपाठोपाठ एकेक पदार्थ येऊ लागला. नाचणी भिजवून, वाटून, तिचे दूध गाळून, गूळ व नारळाचा रस घालून शिजवलेले तिझाण. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो. वाढत्या हाडांना तो हवाच, आणि आतड्याचे अस्तर बरे होईतो पुष्कळ रोग्यांना दूध पचत नाही म्हणून त्याचे मोल अधिक. नारळाच्या रसाने दुधाची चव भागते, दुधातला चुना मात्र त्यात नसतो. तो नाचणीतून आणि पालेभाज्यांतून घ्यावा लागतो. एके दिवशी तांदळाची भाकरी व कुळथाचे पिठले, दुसऱ्या दिवशी आंबोळी व अळसांद्यांची उसळ, मग तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. नीरफणसाचे काप तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर परतलेले. केळफुलाची भाजी. आणि खतखते! सुरण, माडी, कणगे, रताळे, शेवग्याच्या शेंगा, कच्चे केळे, तूरडाळ, ओले खोबरे, वर तिरफळाचा उग्र सुगंध आणि सोलांचा आंबटपणा. नातीने बोटांवर भाज्या मोजल्या त्या नऊ भरल्या. पावसाळ्यात आलीस तर टाकळा, कुर्डू, अळू यांची गणतीच करता येणार नाही, असे मामींनी तिला सांगितले. शेवटी रोज एक मानकुराद आंबा. कडधान्यांतील आणि पाल्यातील लोह अंगी लागण्यास अशा फळांतील क जीवनसत्त्व साहाय्य करते, ही डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट त्या पानात आपोआप पाळली जात होती.

तेव्हा माझी चूक मला उमगली. एक धान्य वजा केले आणि त्याच्या रिकाम्या जागी एकच धान्य बसविले, हा माझा हिशेब. मामींच्या पानात त्या जागी वीस जिन्नस होते, आणि त्यांतले बहुतेक परसातून नाही तर शेजाऱ्याच्या कुळागरातून आलेले होते.

तथापि गोव्यात गहू नाही असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. रोज सकाळी भोंगा वाजवीत सायकलवरून पोदेर येतो. त्याच्या टोपलीतल्या गरम पावांचा वास साऱ्या वाड्यावर पसरतो. मासे तळताना त्यांस रवा लावण्याची तिकडे सर्रास चाल आहे. आणि खुद्द मामींच्या फडताळात हिंगाची डबी होती. नातीने ती उलटून बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाली, “मामीआजी, यात गव्हाचं पीठ आहे.” मामी थक्क झाल्या. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्या दिवसापासून हिंग बंद झाला, पावासाठी निराळी टोपली व निराळी सुरी आली, आणि नाचणी गव्हाच्या गिरणीत न पाठवता घरच्या जात्यावर दळली जाऊ लागली. जात्यास हात लावण्यात नातीचाच पुढाकार असे.

आता जत्रेविषयी. लईराईचे व्रत करणाऱ्यांस धोंड म्हणतात. गोव्याच्या गावोगावाहून आणि सिंधुदुर्गाकडूनही ते येतात. खांद्यावर उपरणे, गळ्यात मोगऱ्याच्या माळा, हाती रंगीत लोकरीच्या गोंड्यांनी मढविलेली वेताची काठी. मध्यरात्रीनंतर होमकुंडाची प्रचंड रास पेटते आणि पहाटेच्या सुमारास ते निखाऱ्यांवरून अनवाणी धावत जातात. हे दृश्य पाहण्यास हजारो लोक लोटतात. मला मात्र त्याआधीच्या दिवसांचे अप्रूप वाटले. जत्रेपूर्वी काही दिवस धोंड सोवळे पाळतात. पाणवठ्याजवळ मांडव घालून राहतात, स्नान करून स्वतः रांधतात, निरामिष जेवतात, आणि बाहेरचे अन्न घेत नाहीत.

नातीने हे पाहिले. एका धोंडास कोणी ओळखीच्या माणसाने वाटेत खाऊ पुढे केला. त्याने हात जोडून हसत नकार दिला. देणाऱ्यानेही नमस्कार केला आणि हात मागे घेतला. एवढेच घडले. रात्री ती मला म्हणाली, “आजी, त्यांना कोणी म्हणालं नाही, एका घासाने काय होतंय म्हणून.” मी काय उत्तर देणार? थोड्या वेळाने तीच पुन्हा म्हणाली, “पण त्यांचं पाच दिवसांचं, माझं कायमचं.” तेही खरेच होते. व्रत माणूस आपण होऊन घेतो. दुखणे तसे येत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी जत्रेत खाज्याच्या दुकानापुढे उभे राहून तिने मोठ्याने विचारले, “यात मैदा आहे का?” दुकानदाराने सांगितले की बेसनाचे आहे, पण त्याच कढईत दुसरे जिन्नसही तळतो. तिने त्याचे आभार मानले आणि पुढे गेली. इंदुरात हा प्रश्न विचारताना ती माझ्या पदराआड लपत असे.

डोंगरांविषयी सांगायचे राहिले. शिरगावच्या भोवतीचे डोंगर लोहखनिजाचे. पोर्तुगीज अमदानीपासून येथे खाणी चालत आल्या. त्या खणत खणत भूजलाच्या पातळीखाली गेल्या, तशा गावच्या विहिरी आटल्या आणि पावसाबरोबर वाहून आलेला गाळ शेतांत साचला. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव झाले. या धंद्यावर तालुक्यातील कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, हेही विसरून चालणार नाही. मामांचे धाकटे बंधू तेथेच नोकरीस होते. परंतु मामांनी मला एका संध्याकाळी खालचे शेत दाखविले. पूर्वी तेथे पावसाळ्यात सरद आणि उन्हाळ्यात वायंगण अशी दोन पिके निघत. आता तांबड्या गाळावर गवत माजले होते. “विहीणबाई, आपण जी पेज जेवतो ती या शेतातली नव्हे,” ते म्हणाले. “भात मेहुण्याकडून येतं, दुसऱ्या गावाहून.” मागील दारी उकडलेली ती साळ मी घरचीच समजत होते. दहा वाजताच्या वाटीमागे एक शेत लागते, एक विहीर लागते, हे तोवर माझ्या ध्यानी आले नव्हते.

परतताना मामींनी पायली-दोन पायली उकडा तांदूळ, सोले आणि लागवडीसाठी चार कणगे बांधून दिले. इंदुरास आल्यावर मी माझ्या सासूबाईंच्या आठवणी चाळू लागले. त्या सांगत, त्यांच्या लहानपणी माळव्यात ज्वारीची आणि मक्याची भाकरी घरोघरी असे. गहू सणासुदीचा. म्हणजे आमच्याही मातीत पुष्कळ काही होते, आम्हीच ते मागे टाकले होते. आता घरी लहान घरघंटी घेतली आहे, तिच्यात गहू जात नाही. ज्वारी, मका, नाचणी, राजगिरा, वरई यांची पाळी ठरलेली असते. भुट्ट्याचा कीस तर इंदूरचाच. फक्त त्यात हिंग घालीत नाही. ज्या घरांत मुलांची वाढ खुंटली आहे वा रक्त भरून येत नाही, त्यांस एवढेच सांगणे की तपासणी आधी करावी आणि गहू नंतर सोडावा. आधीच सोडला तर निदान चुकण्याचा संभव असतो.

पुढच्याच वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, शिरगावच्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी होऊन काही भाविक मृत्युमुखी पडल्याचे वृत्तपत्रात वाचले आणि जिवाचा थरकाप झाला. मामांकडील सर्वजण सुखरूप असल्याचे कळेपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

नातीची उंची या दोन वर्षांत चांगली वाढली आहे. चार कणग्यांपैकी दोन आमच्या परसात रुजले आणि त्यांचे वेल कुंपणावर चढले. परवा मामांचा दूरध्वनी आला तेव्हा तिने प्रथम वेलांची बातमी दिली आणि मग विचारले, “मामाआजोबा, खालच्या शेतात यंदा काही पेरलंत का?” पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. ती बराच वेळ नुसतीच ऐकत उभी होती.