अचलपूरचा, पण

गेल्या दिवाळीआधी आम्ही पुण्यात एका घरी मुलगी बघायला गेलो होतो. मी, आई आणि बाबा. पोहे झाले, चहा झाला, मग मुलीच्या काकांनी ठरलेला प्रश्न विचारला, "मूळचे कुठले तुम्ही?" प्रश्न बाबांना होता, पण घाईघाईत उत्तर मीच दिलं. "अचलपूरचे. पण मी आता सात वर्षं पुण्यातच आहे." काकांनी मान डोलावली आणि विषय फ्लॅटच्या हप्त्यांवर गेला.

परत येताना रिक्षात बाबा गप्प होते. एका सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "तथी 'पन' काहून म्हनलं रे तू?"

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत.

"अचलपूरचे, *पन* पुन्यात. अचलपूरचे *अन्* पुन्यात, असं म्हनता येत नोतं काय?"

बाबा परतवाडा डेपोत एसटीचे कंडक्टर होते. व्याकरणाशी त्यांचा संबंध नाही. आई म्हणाली, "जाऊ द्या न, काहीबी काढता." सिग्नल सुटला. मी मोबाईल काढून बसलो. पण तो शब्द काही डोक्यातून गेला नाही.

माझं काम कोड लिहिण्याचं. तिथे अशी वाक्यं दिवसातून दहा वेळा लिहावी लागतात : यूजर लॉगिन झालाय, पण त्याला परवानगी नाही. हे कोडमध्ये लिहिताना 'पण' कुठेच येत नाही. लॉगिन झालाय *आणि* परवानगी नाही, झालं. मी वापरलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत 'आणि' आहे, 'किंवा' आहे, 'नाही' आहे. 'पण' नाही. मशीनला त्याची गरजच पडत नाही, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या की तिचं काम होतं. गॉटलोब फ्रेगं नावाच्या जर्मन गणितज्ञाने 1879 साली तर्कशास्त्रासाठी एक चिन्हांची लिपी तयार केली, तेव्हाच त्याने हे लिहून ठेवलंय. 'आणि' व 'पण' यांतला फरक त्याच्या लिपीत दाखवलेला नाही. 'पण' म्हणणारा माणूस फक्त एवढंच सुचवत असतो की पुढे येणारी गोष्ट ऐकणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा वेगळी आहे.

म्हणजे माझ्या वाक्यात अपेक्षा कोणाची होती? काकांनी तर काहीच म्हटलं नव्हतं.

ऑफिसात आम्ही 'बट'वर बरंच बोलतो. आमचा क्लायंट अमेरिकन. पहिल्या वर्षी त्यांच्या मीटिंगांमध्ये मी 'बट' यायची वाटच बघायचो, कारण "ग्रेट वर्क" हे फक्त दार उघडणं असायचं, माणूस 'बट'नंतर आत यायचा. "सॉरी, बट", "नो ऑफेन्स, बट" अशी सुरुवात झाली की पुढे काय येणार ते ठरलेलं. मग एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं, 'बट'च्या जागी 'अँड' वापरा. "कोड चांगला आहे अँड टेस्ट लिहायला हव्यात." मी आठवडाभर प्रयत्न केला. ज्युनियर पोरं आणखीच घाबरली, कारण आता वार कुठून येणार तेच कळेना.

त्या रात्री मी 'बट'चं मूळ शोधलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'बाहेर'. म्हणून आजही ते लोक "एव्हरीवन बट हिम" म्हणतात, म्हणजे त्याला बाहेर ठेवून बाकी सगळे. "नथिंग बट" म्हणजे तेवढं सोडून काही नाही. आपण 'शिवाय' किंवा 'सोडून' म्हणू तिथे त्यांचा 'बट' चालतो. शाळेत आम्हाला बटने वाक्य सुरू केलं की मार्क कापायचे. आता बघतो तर इंग्रजीतले चांगले चांगले लेखक खुशाल सुरू करतात.

आणि आपला 'पण'? तो संस्कृत 'पुनः'पासून आला. पुन्हा, आणखी. हे वाचलं तेव्हा मी उठून बसलो. म्हणूनच तर "पण आई आली" आणि "आई पण आली" हे दोन्ही चालतं! तेच शब्द, फक्त जागा बदलली. एकात आई येणं अनपेक्षित आहे, दुसऱ्यात ती सगळ्यांच्यात मिसळली आहे. गुजरातीतही 'पण' अशी दोन्ही कामं करतो. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे सांगतात, 'आई पण' नको, 'आईसुद्धा' म्हणा. आमच्या घरी हा प्रश्नच नाही. आम्ही 'माय बी आली' म्हणतो. 'बी' जोडायला, 'पन' अडवायला. त्यामुळेच बाबांच्या कानाला तो खटकला असणार. पुण्याच्या मित्रांच्या तोंडी अर्धे 'पण' नुसतेच 'सुद्धा' असतात, बाबांच्या तोंडी एकही नसतो.

खरं सांगायचं तर मी हा 'पण' दुसऱ्यांकडून शिकलो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात कँटीनमध्ये एक सहकारी कौतुकाने म्हणाली होती, "तू विदर्भातला, पण तुझं मराठी किती शुद्ध आहे!" मी थँक यू म्हटलं. तोवर 'सकायी'चं 'सकाळी', 'पानी'चं 'पाणी' मी घासून घासून केलं होतं, त्याची पावती मिळाल्यासारखं वाटलं. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचं लीळाचरित्र, तेराव्या शतकात लिहिला गेला तो आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. हे तेव्हा मला माहीत होतं. दहावीला मार्कांसाठी पाठ केलं होतं. कँटीनमध्ये ते आठवलं नाही, किंवा आठवूनही बोललो नाही. तिचा हेतू वाईट नव्हता. वाईट हे की तिने एकदा म्हटलं आणि मग सात वर्षं मी स्वतःच म्हणत राहिलो. घर भाड्याने घेताना, नव्या टीमशी ओळख करून देताना, समोरच्याने काही मनात आणायच्या आत. अचलपूर म्हणायचं आणि लगेच त्याला बाहेर काढायचं.

त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही. पत्रिका जुळली नाही म्हणाले.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना 'पुनः'ची गोष्ट सांगितली. ओट्यावर बसून पाय चोळत त्यांनी ऐकून घेतली. म्हणाले, "हे सांगाले कंपनी पैसे देते काय तुले?" तेवढ्यात शेजारचे काका आले, मी कधी आलो, किती दिवस आहे वगैरे चौकशी झाली. पोरगा आता पक्का पुणेकर झाला असंल, असं काका म्हणाले.

"हाव न, सात वर्स झाले पुन्याले," बाबा म्हणाले. "पन शेंगोळे दोन ताटं खाते अजून."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते काकांना तंबाखू देण्यात गुंतले होते.