आजीच्या बोटांना जमणारा पट्टा

गेल्या पावसाळ्यात एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. जेवणाच्या उंच खुर्चीतून तो घसरला होता. कपाळाला टेंगूळ आले होते. तपासले, बाळ सुखरूप होते. रडत होत्या त्या आजीच. "डॉक्टर, वाटी घ्यायला नुसती वळले हो!" दोष त्यांचा नव्हता. समोरचा ट्रे बाळाला अडवील, या समजुतीने घरात कोणीच पट्टा लावत नसे. ट्रे अन्नासाठी असतो, आधारासाठी नव्हे.

पुढे नातीसाठी खुर्ची घेताना मी रंग पाहिला नाही. खाली फाकलेले भक्कम पाय, पावलांना टेकू आणि खांद्यांवरून, कमरेभोवती व दोन्ही पायांमधून येणारा पट्टा एवढेच पाहिले. पट्ट्याचे बक्कल दुकानातच पत्नीला लावून पाहायला सांगितले. संधिवाताने तिची बोटे आखडतात. तिसऱ्या खुर्चीचे तिला जमले. तीच घेतली.

साधारण सहा महिन्यांनंतर, बाळ मान सावरून नीट बसू लागल्यावरच खुर्ची वापरावी. ती भिंतीपासून व टेबलापासून दूर ठेवावी. पायाने रेटून बाळ ती उलटवू शकते. आणि पट्टा रोज लावणाऱ्या हातांनीच खुर्ची निवडावी.